दिवाळीनंतर मैदान रिकामं का होतं

भांडुपच्या एका शाळेतल्या तरुण क्रीडाशिक्षकांचा प्रश्न असा आहे: आठवी ते दहावीची 22 मुलं-मुली त्यांच्याकडे धावायला येतात. जूनमध्ये उत्साह असतो, जिल्हा स्पर्धा होईपर्यंत तो टिकतो आणि दिवाळीची सुट्टी संपली की मैदानावर जेमतेम 10 जण उरतात. भाषणं देऊन झाली, मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ दाखवून झाले, पहिल्या तिघांना बूट देईन असंही सांगून झालं. मुलांना मेहनतीची गोडी कशी लावू आणि ध्येय ठेवायला कसं शिकवू, असं ते विचारतात.

सर, मी 27 वर्षं मुंबईतल्या शाळकरी मुलांना धावायला शिकवते आहे. तुमचं 22 आणि 10 चं गणित मला पाठ आहे, कारण पहिली काही वर्षं माझ्याही मैदानावर तेच व्हायचं. आपण धरून चालतो की आधी मुलाला गोडी लागते आणि मग ते मेहनत करतं. मी बहुतेक वेळा उलटं घडताना पाहिलं आहे. मेहनतीमुळे आपल्यात काहीतरी बदललं हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि मग गोडी लागते. तेव्हा जोश भरण्यावर कमी वेळ घालवा आणि तो बदल मुलाला दाखवण्यावर जास्त.

नववीतल्या एका मुलीचं सांगते. 800 मीटर धावायची. आमच्या मैदानावर 400 चा ट्रॅक बसत नाही, फक्की मारून 200 चा आखतो, म्हणजे तिच्या चार फेऱ्या. पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढे, तिसरीत मागे, चौथीत डोळ्यांत पाणी. 'हिला स्टॅमिना नाही' असं सगळे म्हणायचे आणि हळूहळू तीही तेच म्हणायला लागली होती. एका शनिवारी मी तिच्या प्रत्येक फेरीची वेळ लिहून घेतली. 34, 42, 48, 49. एकूण 2 मिनिटं 53 सेकंद. वही तिच्या हातात दिली आणि गप्प बसले. ती मांडी घालून त्या चार आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी पहिल्या फेरीतच संपते."

हेच मी तिला सहा महिने ओरडून सांगत होते. पण ते तिच्या तोंडून आलं तेव्हा कुठे तिचं झालं.

पुढच्या आठवड्याचं ध्येय तिनेच ठरवलं: पहिली फेरी 40 सेकंदांच्या आत संपवायची नाही. म्हणजे ध्येय होतं हळू धावण्याचं! ते पाळणं तिला फार जड गेलं, कारण बाकीच्या मुली डोळ्यांदेखत पुढे निघून जायच्या आणि हिला दम धरून मागे राहावं लागायचं. सात आठवड्यांनी तिच्या फेऱ्या आल्या 40, 42, 42, 40. एकूण 2 मिनिटं 44 सेकंद, आणि शेवटच्या फेरीत तिने दोघींना मागे टाकलं. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचले तर ती आधीच येऊन फक्कीची गोणी उचलत होती. त्या सात आठवड्यांत मी तिला एकही भाषण दिलं नव्हतं.

ध्येयाबद्दल मला यातून एक गोष्ट पक्की कळली. मुलांना ध्येय विचारलं की ती 'मेडल', 'स्टेट', 'ऑलिंपिक' म्हणतात. म्हणू द्या, स्वप्न असावंच. पण मेडल मुलाच्या हातात नसतं. त्या दिवशी शेजारच्या लेनमध्ये कोण उभं राहील हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून स्वप्नाखाली या आठवड्याचं एक छोटं काम लिहून घ्या, असं की शनिवारी त्याचं उत्तर 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच येईल. लांब उडीवाल्याला '10 पैकी 7 उड्या फाउल न होता पाटीवरून' (पाटी म्हणजे उडी घेण्याची फळी), 100 मीटरवाल्याला 'पहिली 20 पावलं मान वर न करता', गोळाफेकवाल्याला 'आठवड्यात तीन दिवस व्यायाम, एकही बुडवायचा नाही'. काम मुलाने निवडायचं. तुम्ही दोन-तीन पर्याय समोर ठेवा, पण शेवटचा शब्द त्याचा असू द्या. आपण लादलेलं ध्येय मूल आपल्यासाठी पाळतं आणि आपली पाठ वळली की सोडून देतं.

प्रत्येकाची एक 100 पानी वही करा. तारीख, काय केलं, वेळ किंवा अंतर, आणि एक वाक्य. लिहायचं मुलाने. स्टॉपवॉचही मुलांच्याच हातात द्या, मोठ्यांनी धाकट्यांची वेळ घ्यायची आणि धाकट्यांनी मोठ्यांची. आठवड्यातून एकदा तुम्ही त्यात एक ओळ लिहा, पण लाल पेनने लिहू नका. आपल्या शाळांत लाल पेन म्हणजे चूक. आणि नुसतं 'शाब्बास' नको, जे पाहिलं तेच लिहा: 'आज तिसऱ्या फेरीत खांदे वर गेले नाहीत.' सर खरंच आपल्याकडे बघत होते हे मुलाला त्यातून कळतं.

आता बुटांचं. गरजू मुलाला बूट जरूर द्या, पण शर्यतीवर लावू नका. पहिले तिघे कोण येणार हे जूनमध्येच सगळ्यांना माहीत असतं, मग उरलेल्या 19 जणांसाठी त्या बुटांत काय आहे? शिवाय मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना त्यांनी 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र देऊ' असं आधी कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांना देताना दिसली. बक्षिसासाठी केलेली गोष्ट बक्षीस संपलं की काम वाटू लागते.

तुम्ही म्हणाल, मग आचरेकर सरांच्या रुपयाचं काय? शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो सचिनला बाद करेल त्याला ते नाणं, आणि कोणीच बाद करू शकलं नाही तर सचिनला. अशी 13 नाणी सचिन तेंडुलकरने जपून ठेवली आहेत. त्या रुपयात काय विकत येणार होतं? दिवसभर खेळून अंग मोडलेलं असताना समोर एक स्पष्ट काम होतं, त्याचा निकाल तिथल्या तिथे लागत होता आणि गुरू स्वतः उभे राहून बघत होते. नाणं ही त्याची खूण होती. तुमच्याकडेही अशी खूण हवी, फक्त ती 22 जणांपैकी कोणालाही मिळू शकेल अशी ठेवा. माझ्याकडे ज्याने आठवड्याचं काम पूर्ण केलं तो सोमवारी सुरुवातीच्या रेषेची फक्की मारतो. मुलं त्यासाठी भांडतात.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आतून येणाऱ्या प्रेरणेमागे तीन गरजा सांगितल्या आहेत: निवड आपली असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपल्याला कोणीतरी आपलं मानणं. पहिल्या दोन वर आल्या. तिसरीचा धडा मला एका मुलाने दिला आणि त्यात चूक पूर्णपणे माझी होती.

आठवीतला मुलगा, रोज 20 मिनिटं उशिरा यायचा. मी रोज त्याला पाच जादा फेऱ्या द्यायचे. तो काही न बोलता धावायचा. महिनाभराने येणंच बंद झालं. शिस्त झेपली नाही, असं मी धरलं. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्याच्या वस्तीत गेले. टेकडीवरची वस्ती, पाणी खालच्या सार्वजनिक नळाला पहाटे साडेपाचला येतं. तो 20 लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होता. रोज चार खेपा. आई त्या वेळी दोन घरची कामं करायला निघालेली असायची. सरावाला येण्याआधी हे पोर 80 किलो पाणी वर चढवत होतं आणि मी त्याला आळशी म्हणून फेऱ्या मारायला लावत होते. मी तिथेच त्याची माफी मागितली. त्याच्यासाठी सरावाची वेळ पावणेसातची केली आणि चार खेपा त्याच्या वहीत 'वॉर्म-अप' म्हणून लिहायला सांगितल्या. त्यानंतर तीन वर्षं त्याने एक दिवस चुकवला नाही.

तेव्हापासून दोन नियम केले. फेऱ्या शिक्षा म्हणून द्यायच्या नाहीत, कारण ज्याची गोडी लावायची तीच शिक्षा केली तर मूल त्याच्यावर प्रेम कसं करेल? आणि मूल सलग तीन दिवस आलं नाही तर घरी जायचं. ओरडायला नव्हे, 'तू नव्हतास ते जाणवलं' हे सांगायला.

आळस वाटणाऱ्या गोष्टींमागे कितीदा शरीरच असतं, हे क्रीडाशिक्षकाला माहीत हवं. मुली साधारण 12 व्या आणि मुलगे साधारण 14 व्या वर्षाच्या आसपास झपाट्याने उंच होतात. त्या वर्ष-दीड वर्षात हातपाय आपले वाटत नाहीत, ताल बिघडतो, वेळ सुधारायची थांबते किंवा बिघडतेही. गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर दुखरं टेंगूळ आलं असेल तर ते नाटक समजू नका. या वयात धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांना ते बऱ्याचदा होतं, तेव्हा उड्या कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. मुलाला आधीच सांगून ठेवा: 'पुढचे काही महिने घड्याळ तुझ्यावर रुसेल, पण ते तुझ्या मेहनतीमुळे नाही.' आधी सांगितलं तर मूल टिकतं. नाही सांगितलं तर 'मी संपलो' असं समजून जातं.

याची दुसरी बाजूही बघा. 14 वर्षांखालील गटात जो सगळ्यांना हरवतो तो पुष्कळदा फक्त लवकर वाढलेला असतो. दहावीपर्यंत बाकीचे त्याला गाठतात आणि ज्याला फक्त जिंकण्याचीच सवय लागली आहे तो पहिल्यांदा हरला की मैदान सोडतो. आणि जो आज लहानखुरा, शेवटून दुसरा येतो, त्याच्यात काय आहे ते कळायला अजून अवकाश असतो. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि खेळाकडे खऱ्या अर्थाने तिथेच वळला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक घेतलं. सुवर्णपदक 0.05 सेकंदाने हुकलं. आठवीतल्या निकालावरून मुलांची वाटणी करू नका हे मी शिक्षकांना सांगते तेव्हा मला तोच आठवतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट तुम्हाला पुरुष म्हणून कदाचित दिसणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. मुंबईतल्या बऱ्याच मैदानांवर मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसतं. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तहानेलेलं शरीर लवकर थकतं, डोकं दुखतं, आणि आपण म्हणतो हिला मन नाही. शाळेचं स्वच्छतागृह सरावाच्या वेळेत उघडं राहील एवढी किल्लीची व्यवस्था करा. या एका गोष्टीने माझ्याकडे मुलींची हजेरी जितकी वाढली तितकी दुसऱ्या कशानेही वाढली नाही. पाळीबद्दल बोलायला एखाद्या शिक्षिकेला सोबत घ्या. आणि चांगली धावणारी मुलगी हळूहळू मंदावत गेली, जिना चढताना धापा टाकू लागली, तर हिमोग्लोबिन तपासायला सांगा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय (ॲनिमिया) आढळला होता. तुमच्या 22 जणांत तो नसेल असं धरून चालू नका. झोपेचंही विचारा. या वयाला 8 ते 10 तास लागतात. क्लास रात्री नऊला सुटतो, मोबाइल बारापर्यंत, आणि आपला सराव सहाला. ज्यांची दुपारची शाळा आहे त्यांना थोडं उशिरा बोलवा.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: जून ते सप्टेंबर मैदानाचा चिखल असतो, म्हणून जिने आणि व्हरांडा वापरा, दोरीच्या उड्या मोजा, पण वही बंद पडू देऊ नका.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते, दिवाळीकडे. तुमचं मूल चार महिने सराव करतं. जिल्हा स्पर्धेत 100 मीटरच्या पहिल्याच हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, धावतं, 14 सेकंदांत सगळं संपतं, आणि लाउडस्पीकरवर पुढच्या फेरीसाठी जी नावं पुकारतात त्यांत त्याचं नाव नसतं. त्यानंतर त्याच्यासाठी पुढच्या वर्षीपर्यंत मैदानावर काहीच ठेवलेलं नसतं. मग ते का येईल? मी त्याच्या जागी असते तर मीही आले नसते.

स्पर्धेच्या आठवड्यातच, हार ताजी असताना, प्रत्येकाशी पाच मिनिटं एकेकट्याने बोला. वही उघडून जूनमधलं पान आणि आजचं पान शेजारी धरा. हीटमध्ये सहावा आलेल्या मुलाची वेळ जूनपेक्षा 0.8 सेकंदाने कमी असेल तर ते त्याला त्या क्षणी दिसलं पाहिजे. आणि डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी तुमच्या मैदानावर एक मोजणीचा दिवस जाहीर करा, जिथे प्रत्येकजण फक्त आपल्याच आधीच्या आकड्याशी धावेल. खरं तर डिसेंबर ते फेब्रुवारी हाच मुंबईत सरावाचा सर्वांत चांगला काळ, हवा कोरडी आणि सकाळ गार. त्याच काळात आपली मैदानं ओस पडावीत याचं मला फार वाईट वाटतं.

जानेवारीत मुलांना मुंबई मॅरेथॉन बघायला न्या. 2004 पासून, 2021 आणि 2022 ही दोन वर्षं सोडली तर, दर वर्षी जगातले उत्तम धावपटू आपल्या रस्त्यांवरून जातात. व्हिडिओत वेग कळत नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की पावलांचा आवाजच ऐकू येतो. 2 तास 8 मिनिटांत मॅरेथॉन पुरी करणारा माणूस दर 200 मीटरला साधारण 36 सेकंद घेतो. दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलांना एक फेरी 36 सेकंदांत धावायला सांगा. काहींना जमेल, ती खूश होतील. मग सांगा, आता अशा आणखी 210 मारायच्या. माझ्या मैदानावर त्यानंतर जी शांतता पसरली होती ती मी विसरलेले नाही. थोड्या वेळाने एका मुलाने विचारलं, "मॅडम, आपण पाच सलग मारून बघू या?"

पालकांचं, विशेषतः दहावीच्या. त्यांना खोटी आशा दाखवू नका. बहुतेक मुलं राष्ट्रीय संघात जाणार नाहीत हे त्यांनाही कळतं. खरं तेवढं सांगा: दहावीला पात्र खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार सवलतीचे क्रीडागुण मिळतात, जास्तीत जास्त 25. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि 2024 ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक घेऊन आला. क्रीडागुणांचे अर्ज शाळेमार्फत वेळेत जातात की नाही यावर तुम्ही स्वतः लक्ष ठेवा, कारण एका कागदापायी मुलाचं नुकसान झालं की त्या घरातला धाकटा भाऊ मैदानावर येत नाही. दहावीच्या मुलांना जानेवारीपासून आठवड्यातून दोनच दिवस, तेही 40 मिनिटं बोलवा. पूर्ण तोडलं की ती परत येत नाहीत, आणि दोन दिवस मैदानावर धावलेलं मूल अभ्यासालाही ताजं बसतं, हे आया स्वतः येऊन सांगतात.

जी 12 मुलं गेली आहेत त्यांच्यासाठी निरोप पाठवू नका, गटात मेसेज टाकू नका. रोज दोघांच्या घरी जा, सहा दिवसांत होईल. जाताना त्यांच्या जूनमधल्या वेळा कागदावर लिहून न्या. तुम्ही त्या जपून ठेवल्या असतील अशी माझी आशा आहे. नसतील तर उरलेल्या 10 जणांना विचारा, मुलांना एकमेकांचे आकडे तोंडपाठ असतात.